टेकडीच्या कडेवरून हॅम रेडिओ : मराठवाड्यातल्या पहिल्या चढाईची तयारी

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा बिनतारी संवाद. गोगाबाबाच्या टेकडीवर हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा रेडिओ, घेऊन पहिल्यांदा चढलो, तेव्हा मंदिरामागे सावली धरून बसलो आणि अर्धा तास जालन्याच्या मित्राला हाका मारत राहिलो. उत्तर नाही. फोन लावला तर तो म्हणतो, "अरे, मी केव्हाचा बोलू राहिलो, तूच ऐकत नाहीस." बॅटरी पाहिली, अँटेना पिळून घट्ट केला, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडला. काही फरक नाही. वैतागून बाटली घेऊन उठलो, चालत पूर्वेच्या कडेशी गेलो आणि शंभरेक पावलांवर त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायला लागला. तोच रेडिओ, तीच पाच वॅटची ताकद.

त्या शंभर पावलांनी मला जे शिकवलं, त्याभोवतीच हा लेख आहे. मराठवाड्यातले डोंगर लाव्हाच्या थरांचे, माथ्यावर टेबलासारखे सपाट. सुळक्यासारखं टोक इथे क्वचित सापडतं. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे टेबलाच्या मधोमध बसलात तर टेबलाची कडाच तुमच्या आड येते. चढून कमावलेली उंची वापरायची असेल, तर ज्या गावाशी बोलायचं त्या बाजूच्या कडेला जाऊन बसावं लागतं.

आधी कागद

परवाना नसेल तर या छंदात फक्त ऐकता येतं आणि सोबतच्या हॅमची (परवानाधारक छांदिष्टाची) नोंदवही लिहिता येते. (हेही वाईट नाही. माझी सुरुवात नोंदवहीनेच झाली.) परवान्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची एएसओसी परीक्षा द्यावी लागते, अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतो. वयाची किमान अट १२ वर्षांची. दोन श्रेणी आहेत : रिस्ट्रिक्टेड, म्हणजे व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरची तुमची ओळख), आणि जनरल, म्हणजे व्हीयू२. जनरलसाठी मोर्सची (टिंब-रेघांच्या लिपीची) परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेडला नसते. टेकडीवरच्या कामाला रिस्ट्रिक्टेड पुरतो.

परवान्यावर तुमच्या स्टेशनचा पत्ता छापलेला असतो. दुसऱ्या जागेवरून बोलण्याबद्दल त्यात काय अटी आहेत, त्या घरी बसून शब्दन् शब्द वाचा आणि शंका असेल तर लेखी विचारून उत्तर जवळ ठेवा. डोंगरावर जाताना परवान्याची प्रत आणि ओळखपत्र सॅकच्या वरच्याच कप्प्यात हवं. निवडणूक, मोठा मोर्चा, मिरवणूक अशा बंदोबस्ताच्या दिवशी हातात वॉकीटॉकीसारखं काही घेऊन टेकडीवर फिरू नका. चूक तुमची नसते, पण अर्धा दिवस खुलासा करण्यात जातो.

स्वस्तातल्या हँडी १३६पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही प्रसारण करू शकतात. आपल्याला मोकळीक आहे ती १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ची. चुकून बटण दाबलं गेलं तर दुसऱ्या कुणाच्या वाहिनीत घुसाल, म्हणून मेनूत किंवा प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रसारणाची मर्यादा आधीच बांधून टाका. हे काम टेकडीवर होत नाही. उन्हात स्क्रीनही दिसत नाही.

टेकडी कुठली

पहिल्या वेळी अर्ध्या-पाऊण तासात चढता येईल, वाट ठळक असेल आणि खाली मोबाइलची रेंज असेल अशी टेकडी घ्या. संभाजीनगरकरांना गोगाबाबा आहे, पायाशी मकबरा दिसतो. धाराशिवला हातलादेवीचा डोंगर, उदगीरकडे हत्तीबेट. म्हैसमाळ सुमारे १,०६७ मीटर उंच आहे आणि गाडी थेट वर जाते, म्हणजे चढाई जवळपास नाहीच. पण तिथला माथा एवढा पसरट आहे की कडेचा नियम तिथे सगळ्यात जास्त लागू पडतो. शिवाय तिथे टॉवर आहेत. मोठ्या प्रक्षेपकाजवळ स्वस्त हँडीचे कान बसतात : स्क्रीनवर सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या, पण ऐकू येतो तो फक्त खरखराट, किंवा काहीच नाही. अशा वेळी रेडिओ बिघडला असं समजू नका. टॉवर आणि तुमच्यामध्ये एखादा उंचवटा येईल अशा बाजूने कडेवर सरका.

देवगिरीचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. तो पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला किल्ला आहे. तिथे काठ्या उभारणं, तारा ताणणं नको. गौताळ्यासारख्या अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी.

आता पल्ल्याचा हिशोब. रेडिओचं क्षितिज नजरेच्या क्षितिजापेक्षा थोडं पुढे असतं. भोवतालच्या सपाटीपेक्षा तुम्ही जितके मीटर उंच, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. समजा कडा २०० मीटर उंच आहे. वर्गमूळ १४.१, म्हणजे पल्ला ५८ किलोमीटर. समोरचा माणूस १५ मीटरच्या गच्चीवर अँटेना लावून बसला असेल तर त्याचे १६ किलोमीटर यात मिळवा. झाले ७४. संभाजीनगर ते जालना ६० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मधे दुसरा डोंगर नसेल तर ही भेट व्हायलाच हवी. तोच मित्र घरात पलंगावर बसून बोलत असेल तर हिशोब कोलमडतो. त्याला गच्चीवर जायला सांगा, जिन्याच्या वीस पायऱ्या त्याने चढल्या तर तुमचा बराच घाम वाचतो.

पाच वॅटऐवजी पन्नास वॅट लावले तर? दहापट ताकद म्हणजे १० डेसिबल, सिग्नल दाखवणाऱ्या मीटरवर दीड-पावणेदोन एस-युनिट, म्हणजे जेमतेम दोन खुणा. क्षितिज जिथे होतं तिथेच राहतं. म्हणून जड रेडिओ वर नेण्यापेक्षा अँटेनावर वेळ घालवा.

अँटेना

हँडीसोबत येणारा रबरी अँटेना खिशात मावावा म्हणून आखूड केलेला असतो. पहिला उपाय फुकटात होतो : ४९ सेंटिमीटर लांबीची साधी वायर घ्या, तिचं एक टोक अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल असं अडकवा आणि वायर खाली लोंबू द्या. हॅम लोक तिला वाघाची शेपटी म्हणतात. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीचा हा पाव भाग. अँटेनाला जो अर्धा भाग मिळत नव्हता तो ही शेपटी देते. दिसायला गबाळं, पण फरक ऐकू येतो.

दुसरा उपाय मला सर्वांत आवडतो : मापाच्या टेपचा यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना. हार्डवेअरच्या दुकानातून एक इंच रुंदीची पोलादी टेप, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, एक क्रॉस, दोन टी आणि चार क्लॅम्प आणा. टेपचे तुकडे असे : मागचा परावर्तक १०५ सेंटिमीटर, पुढचा दिग्दर्शक ८९ सेंटिमीटर, आणि मधल्या चालक घटकाचे दोन तुकडे, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, मधे अडीच सेंटिमीटर फट ठेवून. परावर्तक ते चालक अंतर २० सेंटिमीटर, चालक ते दिग्दर्शक ३२. चालकाच्या दोन तुकड्यांना जोडणारी साडेबारा सेंटिमीटरची जाड तार यू आकारात वाकवून डाखायची. तिच्याशिवाय एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत फिरते त्याचं माप) जागेवर येत नाही. केबलचा मधला तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. टेपवरचा पिवळा रंग खरवडून चकचकीत पोलाद दिसेपर्यंत घासा, तरच डाख धरतो. तुकड्यांची टोकं ब्लेडसारखी असतात, त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर गच्चीवर तपासा आणि तुकडे दोन-चार मिलिमीटरने कमीजास्त करून १४५वर आणा. चढताना टेप दुमडून पाइपला बांधता येते, वर सोडली की आपोआप सरळ होते. झाडीतून जाताना हा गुण कळतो.

हा यागी धरताना टेपचे तुकडे उभे ठेवा. एफएमवर बहुतेकांचे अँटेना उभे असतात, तुम्ही आडवा धरलात तर वीसेक डेसिबलपर्यंत सिग्नल नुसता वाया जातो. नवीन माणूस टीव्हीच्या जुन्या अँटेनाच्या सवयीने तो हमखास आडवा धरतो.

केबल आखूड ठेवा. आरजी-५८ची १० मीटर केबल १४५वर जवळपास २ डेसिबल खाते, म्हणजे ताकदीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. यागी हातात धरायचा असेल तर दीड मीटर खूप झाली. आणि अॅडॉप्टर! हँडीचं तोंड एसएमए, केबलचं बीएनसी. हे बोटाएवढं पितळ घरी विसरून मी एकदा वर गेलो आणि यागीची छत्रीसारखी सावली करून डबा खाऊन परत आलो. तेव्हापासून एक अॅडॉप्टर केबललाच दोऱ्याने बांधलेला असतो.

भेट ठरवून चढा

मराठवाड्यात पुण्या-मुंबईएवढी वर्दळ बँडवर नसते. वर जाऊन नुसतं "सीक्यू" (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) ओरडलात तर कावळेच ऐकतील. दोन दिवस आधी ओळखीच्या हॅमना कळवा : कुठली टेकडी, कुठली वेळ, कुठली फ्रिक्वेन्सी. मी तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं आणि अर्ध्या तासाला पाच मिनिटं हाक देतो, मधल्या वेळात ऐकतो. सिम्प्लेक्सवर (थेट रेडिओ ते रेडिओ) हाक मारायला १४५.५०० ही सवयीची जागा आहे. कुणी भेटलं की २५ किलोहर्ट्झने वर-खाली सरका आणि ती मोकळी करा.

कळवताना ग्रिडचा चौकोनही (हॅम लोकांच्या नकाशातला तुमच्या जागेचा संकेत) सांगा, लोकांना अँटेनाची दिशा ठरवता येते. संभाजीनगर आणि जालना एमके७९मध्ये येतात, परभणी, हिंगोली, नांदेड एमके८९मध्ये, लातूर एमके८८मध्ये. बीड मात्र १९ अंश अक्षांशाच्या रेषेला टेकून बसलंय, तिथल्या मित्राला नकाशा पाहूनच उत्तर द्यायला सांगा.

चढाईचा दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. सकाळी साडेसहाला पायथ्याशी, साडेसातला हाक, अकराच्या आत खाली. थंडीतल्या सकाळी कडेवरून शहराकडे पाहिलंत तर धुराचा निळसर थर एका उंचीवर आडवा कापल्यासारखा थांबलेला दिसतो. खाली गार हवा, वर उबदार. त्या सीमेवर लहरी किंचित वाकतात आणि कधी कधी हिशोबापलीकडचं गाव ऐकू येतं. ऊन चढलं की थर विरतो आणि तो आवाजही जातो. म्हणून चहा नंतर.

माणशी तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड पँट. कुसळाच्या गवतातून पातळ पायजम्यात गेलात तर संध्याकाळपर्यंत काढत बसाल. दोरी आणि केबल गवतावर ओढली तर त्यांतूनही काढावी लागतात. लेण्यांच्या बाजूच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, पोळं दिसलं तर ती बाजू सोडून द्या, मग सिग्नल कितीही चांगला येवो.

वर पोचल्यावर आधी रेडिओ काढू नका. माथ्याभोवती एक फेरी मारा, कुठल्या बाजूला काय दिसतं ते पाहा. ज्या दिशेला बोलायचं तिकडची कडा निवडा, पण धारेपासून चार-पाच पावलं आत बसा. कानाला आवाज आणि डोळ्यासमोर वही असली की पायाकडे लक्ष राहत नाही. वारा पाठीवर घ्या, नाहीतर माइकमध्ये तोच बोलतो. मग ऐका. पाच मिनिटं नुसतं ऐका.

हाक अशी : "सीक्यू, सीक्यू, सीक्यू, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म थ्री..." पुढे आपली तीन अक्षरं ध्वन्यक्षरांत, मग "पोर्टेबल, गोगाबाबा टेकडी, स्टँडिंग बाय." बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, पहिलं अक्षर कापलं जात नाही. उत्तर आलं की त्याचा कॉलसाइन, मग सिग्नलचा अहवाल, जागा, नाव. त्यानंतर मराठीत मनसोक्त गप्पा मारा, फक्त अधूनमधून कॉलसाइन घेत राहा. एखादा आवाज अर्धवट येत असेल तर एक पाऊल उजवीकडे, एक डावीकडे सरकून पाहा. या बँडची लहर दोन मीटरची असते, खडकावरून परतलेली लहर एका जागी मूळ लहरीला मारते आणि मीटरभर पलीकडे तिला साथ देते.

वहीत वेळ यूटीसीत (जगभरच्या सामाईक वेळेत) लिहायची, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा. सकाळी साडेसात म्हणजे ०२:००. फोनमध्ये लिहिता येतं, पण घामेजल्या बोटांनी नाही. शंभर पानी वही आणि पेन्सिल बरी.

लोक येतात. गुराखी, दर्शनाला आलेली मंडळी, व्यायामाची पोरं. "काय करू राहिले भाऊ, टावर टाकू राहिले का?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. कान लावून ऐकवा. समोरून जालन्याचा माणूस बोलतोय आणि मोबाइलचा संबंध नाही, एवढं कळलं की काका लोक तिथेच बसतात आणि तुमच्या सामानावर लक्षही ठेवतात. प्रसारणाचं बटण मात्र त्यांच्या हातात देऊ नका.

पल्ला देशभर करायचा असेल तर

हे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला. एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, लांब पल्ल्याच्या लहरींसाठी) कडेची गरज उरत नाही, उलट माथ्याचा मधला सपाट भागच सोयीचा. ७ मेगाहर्ट्झवरच्या डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेच्या अँटेनाची) एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४३ला फ्रिक्वेन्सीने भागा : ७.१साठी २०.१४ मीटर, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा मीटर आणि वर थोडं. वायर आधी जास्तच कापा आणि दुमडत दुमडत जागेवर आणा. मधोमध सहा मीटरचा वेळू किंवा गळाची दुमडती काठी, दोन्ही टोकं खाली उतरती. एवढ्या कमी उंचीचा डायपोल दिवसा लहरी जवळजवळ उभ्या वर फेकतो आणि त्या तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात खाली येतात. पुणे, मुंबई, हैदराबाद मिळतं ते यामुळेच. उभ्या अँटेनाच्या नादी इथे लागू नका. त्याला खालून ओलसर, वाहक जमीन लागते आणि आपल्याकडे कोरडा मुरूम आणि काळा खडक आहे.

त्याच खडकात तंबूच्या खुंट्याही जात नाहीत, वाकतात. दोऱ्या दगडांना बांधा. पण दगड उचलण्याआधी काठीने हलवा आणि मगच हात घाला. अशा तापल्या, दगडाळ माळावर फुरसं दगडाखाली असतं आणि ते हातभर लांबसुद्धा नसतं.

पाच वॅटचा रेडिओ ऐकताना ०.४ अँपिअर आणि बोलताना २ अँपिअर घेतो असं धरा. चारात एक वाटा बोलणं असेल तर सरासरी ०.८ अँपिअर. ६ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हिशोबाने साडेसात तास चालते, सकाळ सहज निघते. गाडीची किंवा यूपीएसची शिशाची बॅटरी वर नेण्याचा पराक्रम एकदा केलाय, पुन्हा नाही. जगभर 'सोटा' नावाचा जो शिखरांवरच्या रेडिओचा उपक्रम २००२पासून चालतो, त्यातही गाडीतून किंवा गाडीच्या बॅटरीवर केलेले संपर्क धरत नाहीत आणि शिखराचे गुण मिळायला चार संपर्क लागतात. तुमची टेकडी त्या यादीत असो वा नसो, पहिल्या सकाळसाठी चार हा आकडा नजरेसमोर ठेवायला चांगला.

वीज

एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यात विजेने माणसं आणि जनावरं मरतात. कडेवर उभा माणूस, हातात धातूचा अँटेना, बाजूला सहा मीटरचा वेळू : यापेक्षा वाईट जागा नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अॅप फोनमध्ये ठेवा आणि चढण्याआधी पाहा. वर असताना गडगडाट ऐकू आला, कितीही लांबचा, की बोलणं अर्ध्यावर सोडा. पटकन "क्यूआरटी (बंद करतोय), वीज" म्हणा, केबल रेडिओपासून काढा, काठी आडवी करा आणि उतरा. डायपोल गुंडाळत बसू नका. वीस मीटर वायर परत आणता येते. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर परतायचं नाही.

आवरताना

वायर हाताच्या पंजाभोवती गोल गुंडाळली की पुढच्या वेळी हमखास गुंता. पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या तुकड्यावर आठच्या आकड्यात गुंडाळा. दगड जिथून घेतले तिथे ठेवा, वायरचे आणि टेपचे कापलेले तुकडे वेचा, गुरं ते गवतासोबत खातात. खाली आल्यावर ज्यांच्याशी बोललात त्यांना त्याच दिवशी निरोप द्या आणि त्यांचा अहवाल वहीत उतरवा : कुठल्या वेळी आवाज चांगला होता, कुठल्या वेळी गेला. दोन-तीन फेऱ्यांत तुमच्या टेकडीची कुठली कडा कुठल्या गावाकडे उघडते याचा नकाशा त्या वहीतच तयार होतो.

पुढच्या वेळी सॅकमधून काय काढायचं, ती यादी उतरतानाच करा, घरी गेल्यावर सगळंच गरजेचं वाटतं. माझ्या सॅकमधून आतापर्यंत घडीची खुर्ची, दुसरी हँडी आणि शिशाची बॅटरी गेली. दोरी मात्र दहा मीटरने वाढली.